बेळगावात मेट्रो किंवा लोकल रेल्वे आणता येईल का, की आधी सिटी बसच सुधारावी?

आधी बस, मग लोकल. मेट्रोचा विषय सध्या बाजूला ठेवा. केंद्राचं २०१७ चं मेट्रो धोरण मुळात वीस लाखांवरच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीत ४.८८ लाख लोक होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका दिशेनं तासाला किती माणसं न्यायची आहेत. साठ जणांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला १,८०० जण जातात. एवढी सेवा अपुरी पडायला लागली की रुळांचं बोलू.

बसचं गणित सोपं आहे. जाऊन-येऊन फेरीला लागणारा वेळ भागिले दोन बसमधलं वेळेचं अंतर, म्हणजे मार्गावर लागणाऱ्या बस. सीबीटी (मध्यवर्ती बसस्थानक) ते उद्यमबाग आणि परत, दोन्ही टोकांच्या थांब्यासह ८० मिनिटं धरा. दर दहा मिनिटांनी बस हवी तर आठ लागतील, डेपोत एक राखीव वेगळी. आता रेल्वेचं गेट पडलं, शिवाय बाजारात रस्त्यावर गाड्या लावलेल्या, असं होऊन फेरी १०० मिनिटांची झाली, की त्याच सेवेला दहा बस लागतात. दोन बस आणि त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर वाढले, प्रवाशाला मात्र काहीच जास्त मिळालं नाही. म्हणून नव्या बस मागण्याआधी हा वाया जाणारा वेळ शोधावा.

तो वेळ थांब्यावरही जातो. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत महिलांना मोफत प्रवास आहे. पण सरकारकडून मिळणाऱ्या परताव्याचा हिशोब लागावा म्हणून त्यांनाही शून्य रकमेचं तिकीट द्यावंच लागतं. सकाळच्या गर्दीत पुढची स्टेज (भाड्याचा टप्पा) येईपर्यंत कंडक्टरची तिकिटं संपत नाहीत आणि बस उभी राहते. सीबीटीसारख्या मोठ्या ठिकाणी गर्दीच्या दोन-तीन तासांत खाली उभ्या कंडक्टरनं चढण्याआधीच तिकिटं द्यावीत. एक दार चढायला, दुसरं उतरायला, हे कडक पाळावं. थोडी उशिरा आलेली बस जास्त माणसं घेते, अजून उशीर करते, आणि मागची रिकामी बस तिला येऊन चिकटते. ‘अर्धा तास बस नाही, मग दोन एकदम’ या तक्रारीचं हेच कारण. मार्गाच्या मध्यावर एक वेळ-थांबा ठेवून मागच्या बसला दोन मिनिटं रोखलं तरी पुष्कळ फरक पडतो. पाट्यांवर मार्गाचा नंबर मोठ्या अंकांत हवा. कन्नड वाचता न येणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसालाही तो कळतो.

हुबळी-धारवाडची बीआरटीएस (जलद बससेवा) पाहून ‘तशीच इकडे आणा’ म्हणतात. तिथला २२ किलोमीटरचा मार्ग रुंद रस्त्यावर आहे, बसला मधोमध वेगळी लेन आहे, तिकीट स्टेशनवरच मिळतं. आपल्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात ती लेन बसणार नाही. खानापूर रोडवर मोठ्या चौकांच्या अलीकडे शंभरेक मीटर बसला मोकळे ठेवता आले तर तेवढंही चालेल.

लोकलची संधी मात्र खरी आहे. लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचं लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ ला झालं आणि विजेवर धावणारी हुबळी-पुणे वंदे भारतही २०२४ पासून इथूनच जाते. खानापूर, देसूर, बेळगाव, सांबरा, सुळेभावी, घटप्रभा अशी मेमू (विजेवरची लोकल गाडी) सकाळ-संध्याकाळ ठेवली तर वडापनं (शेअर जीपनं) लोंबकळत येणाऱ्या कामगार-विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल. उद्यमबाग-मच्छे भागात एक हॉल्ट (छोटं स्टेशन) झाला तर अधिकच. आठ डब्यांसाठी सुमारे दोनशे मीटरचा प्लॅटफॉर्म लागतो. तो रस्त्यापासून चालत पोचण्याजोगा असावा, नाहीतर गाडी रिकामीच जाते. (कित्तूरमार्गे ७३ किलोमीटरचा नियोजित धारवाड रेल्वेमार्ग वेगळा, त्यानं हुबळी जवळ येईल, शहरातली गर्दी त्यानं हटत नाही.)

पण इथेच अडचण आहे. मेमूच्या रोज दहा जोड्या वाढवल्या तर रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर असलेलं प्रत्येक गेट वीस वेळा जास्त पडेल. दर वेळी सहा मिनिटं धरली तर दिवसाचे दोन तास गेले, आणि वरचं बसचं गणित पुन्हा बिघडलं. त्यामुळे आधी पूल किंवा भुयारी रस्ता. चोवीस तासांतल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांचे युनिट (वाहनाच्या प्रकारानुसार धरलेला अंक) हा आकडा एक लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्य सरकार पुलाचा खर्च वाटून घेऊ शकतात. ही मोजणी सुट्टीच्या दिवशी झाली तर आकडा कमी दिसतो, म्हणून तारीख विचारून घ्या. भुयारी रस्त्याची उंची कमी धरली तर रिक्षा जाते, बस जात नाही. आणि जुलैच्या पावसात पाणी उपसायला पंप, त्याला वेगळी वीजजोडणी आणि पाणी सोडायला खालच्या पातळीचा नाला हे तिन्ही आराखड्यातच हवं.

तुम्हाला पाठपुरावा करायचा असेल तर माहिती अधिकारात आधी एवढंच मागा: तुमच्या मार्गावर मंजूर शेड्यूल (एका बसचं दिवसाचं ठरलेलं काम) किती, गेल्या तीन महिन्यांत फेऱ्या रद्द किती, आणि प्रत्येक रद्द फेरीचं नोंदवलेलं कारण काय.