त-त-प-प आणि पॉप

प्रश्न : मी अठरा वर्षांची आहे. संगीताच्या पदवीसाठी मुलाखत दिली. अर्जातल्या ‘संगीतप्रकार’ या रकान्यात ‘पॉप’ लिहिलं होतं. सरांनी विचारलं, “पॉप म्हणजे काय?” मी म्हटलं, “जे पॉप्युलर असतं ते.” ते म्हणाले, “मग न चाललेलं गाणं कोणत्या प्रकारचं?” मला काही बोलताच आलं नाही. प्रवेश हुकला. बाबा म्हणतात, पॉप असा प्रकारच नसतो, ती बाजाराने चिकटवलेली चिठ्ठी आहे. पुढच्या वर्षी त्या रकान्यात काय लिहू? गाते बरी. वहीत बावीस गाणी आहेत, पण सगळी अर्धवट. ध्रुवपद होतं, कडवी सुचत नाहीत.

उत्तर : मुलाखतीत त-त-प-प झालं, ते मनाला लावून घेऊ नकोस. या शब्दापाशी भलेभले अडतात, कारण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. बाबा त्यातल्या एकीबद्दल बोलताहेत. तुला दुसरी म्हणायची होती, पण तोंडून निघाली बाबांचीच.

आधी बाबांची बाजू. ‘पॉप’ हा ‘पॉप्युलर’चा तुकडा, मुळाशी लॅटिनमधला ‘पॉप्युलस’, म्हणजे लोक. मराठीत ‘लोकसंगीत’ आणि ‘लोकप्रिय’ या दोन्ही शब्दांत तेच लोक आहेत, पण लोकसंगीत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन घडवलं, आणि लोकप्रिय संगीत कुणीतरी बसून रचलं, ध्वनिमुद्रित केलं, अनोळखी माणसाला विकायला काढलं. विक्री आली की मोजदाद आलीच. ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२ मध्ये रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून काय खपतंय त्याची पहिली यादी छापली. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाची ‘हॉट हंड्रेड’ ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. अशा यादीला गाण्याच्या कुळाशी देणंघेणं नसतं. १९५६ मध्ये अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीची एकच रेकॉर्ड तिथल्या पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज अशा तिन्ही याद्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. रेकॉर्डवरच्या खोबणी त्याच, आवाज तोच, चिठ्ठ्या तीन. इथे पॉप म्हणजे खपाचा काटा, आणि एवढ्यापुरतं बाबांचं शंभर टक्के खरं.

पण हाच अर्थ सगळीकडे लावायला गेलं की पंचाईत होते. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अमेरिकेच्या यादीत मिळून नऊशेहून अधिक आठवडे राहिला. याहून लोकप्रिय ते काय असायचं? तरी त्याला कुणी पॉप म्हणत नाही. आणि आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. बिग स्टार नावाच्या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम १९७२ चा, नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’. नावातच पहिला नंबर घेऊन निघालेली ही रेकॉर्ड धड दुकानांपर्यंतच पोहोचली नाही. खप अगदीच किरकोळ. गाणी मात्र अंगोपांगी पॉप, आणि आज त्यांचं नाव ‘पॉवर पॉप’च्या, म्हणजे जोरकस गिटारवर उभ्या पॉपच्या, आद्य बँडांत घेतात. म्हणजे न चाललेलं पॉपही पॉपच असतं. पुढच्या वर्षी हा एक दाखला तोंडावर असू दे.

मग त्या गाण्यांत असं काय होतं? हीच ती दुसरी गोष्ट : पॉप ही गाणं बांधायची एक रीत आहे. ऐकणाऱ्याची कसलीही तयारी नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे आहे, तो पुन्हा ऐकेल याची खात्री नाही, हे धरून बांधलेलं गाणं. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. ती तबकडी गेली, पण तीन मिनिटांची सवय मागे राहिली. त्या तीन मिनिटांत ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, बहुधा गाण्याचं नाव त्यातच असतं, आणि एखादा तुकडा असा असतो की तो डोक्यातून जाता जात नाही. धंद्यात त्याला हूक म्हणतात, म्हणजे मासे धरायचा गळ. शब्द अगदी चपखल आहे, मासा आपण.

एक प्रसंग सांगते. जानेवारी १९६४ मध्ये बीटल्स ‘कान्ट बाय मी लव्ह’ ध्वनिमुद्रित करत होते. गाणं कडव्यानेच सुरू व्हायचं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सुचवलं की ध्रुवपदाच्याच ओळी उचलून सुरुवातीला आणि शेवटाला ठेवू. गाण्यात नवी ओळ एकही नाही, नुसती जागा बदलली. मार्टिन हे रीतसर संगीत शिकलेले, ओबो वाजवणारे गृहस्थ, पण इथे कामी आली ती कान कुठे पकडायचा ही जाण. तूही आवडीची दहा गाणी घे, समोर घड्याळ ठेव आणि दोनच आकडे लिही : आवाज कितव्या सेकंदाला आला, ध्रुवपद कितव्या. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याखेरीज गाणं ऐकलं गेल्याचं धरत नाहीत, तेव्हा त्या दोन आकड्यांवर पोट अवलंबून असलेली माणसं आहेत. हा कागद मुलाखतीला घेऊन जा. व्याख्या पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता करिअरचं. ‘मला पॉपमध्ये जायचंय’ हे ‘मला सिनेमात जायचंय’ म्हणण्यासारखं आहे. जा, पण करणार काय? बेरी गॉर्डी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. त्याने १९५९ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा पाया घातला आणि गाण्यांचाही तसाच पट्टा लावला. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, आणि कोणतं गाणं बाहेर पाडायचं हे दर आठवड्याच्या बैठकीत वाद घालून ठरायचं. त्या गाण्यांना वाजवणारा वादकांचा ताफा, फंक ब्रदर्स, मोटाउनच्या अल्बमवर नावानिशी झळकला तो थेट १९७१ मध्ये! हे मुद्दाम सांगते आहे. तुला दिसतो तो माइकसमोरचा चेहरा. पगार, मानधन, हक्क यांची माणसं त्याच्या मागे उभी असतात : गीतकार, चाल बांधणारे, निर्माते, वादक, मिक्सिंग करणारे, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणारे. स्वीडनचे मॅक्स मार्टिन आधी एका मेटल बँडमध्ये गात. पुढे ते इतरांसाठी गाणी लिहायला आणि बांधायला लागले आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर त्यांची दोन डझनांहून जास्त गाणी पोहोचली. रस्त्यात दिसले तर त्यांना बहुतेक लोक ओळखणार नाहीत.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटली ती शेवटची ओळ, जी तू जवळजवळ तक्रार म्हणून लिहिलीस. बावीस ध्रुवपदं! कडवी घासूनपुसून, शिकून, दुसऱ्याला सोबत घेऊनही लिहिता येतात. ध्रुवपद मात्र एखाद्यालाच सुचतं, आणि या कामात लोक नेमकं त्यासाठीच माणूस शोधत असतात. तू ‘गाते बरी’ असं लिहिलंस. मी तुला गायिका म्हणून तोलणारच नाही, गीतकार म्हणून तोलेन. अर्थात बावीसच्या बावीस चांगली असतील असं नाही. चार निघाली तरी भरपूर.

कडव्यांसाठी जोडीदार शोध. पण ज्या दिवशी दोघं मिळून गाणं पुरं कराल त्याच दिवशी कुणाचा किती वाटा ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मैत्रीत हे बोलायला जड जातं, तरी घ्या. गाण्याचा हक्क वेगळा आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे कळायच्या आतच नवखी मुलं दोन्ही देऊन बसतात. आणि उत्पन्न बरीच वर्षं अनियमित असेल, तेव्हा पदवीला ध्वनिमुद्रण किंवा मिक्सिंग शिकता येत असेल तर तो विषय सोडू नकोस. तुझं गाणं नाही खपलं तरी दुसऱ्याचं मिक्स केल्याचे पैसे मिळतात.

रकान्यात लिही : ‘पॉप – गीतलेखन आणि चाल’. सोबत दोन गाणी जोड, कडव्यांसकट, फक्त आवाज आणि एक वाद्य; सजावट नको, नाहीतर त्यांना चाल ऐकूच येणार नाही. पाठवण्याआधी ती अशा कुणाला तरी एकदाच ऐकव ज्याला तुझ्याबद्दल काडीचं प्रेम नाही, आणि दुसऱ्या दिवशी विचार की त्यातलं काय आठवतंय. बाबांना ऐकवून चालणार नाही. ते एव्हाना आंघोळ करताना तुझंच काहीतरी गुणगुणत असतील, फक्त त्याला पॉप म्हणत नसतील.