व्हिडिओ अडखळतोय : दोष नेटचा की मशीनचा?

जुन्या संगणकावर व्हिडिओ नीट चालत नाहीत, अशा तक्रारी सोलापूर शहर-जिल्ह्यातून आल्या आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत. 'नवं मशीन घ्या' हे उत्तर दुकानदारही देतो, म्हणून इथे ते टाळलं आहे.

प्रश्न : घरी २०१२ सालचा डेस्कटॉप आहे. इंटेल कोअर आय-थ्री, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, विंडोज १०. नेट फायबरचं, १०० एमबीपीएस. तरी यूट्यूबवर चित्र अडखळतं, आवाज मात्र व्यवस्थित येतो. नेटवाला म्हणतो, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का? (जुळे सोलापूर)

उत्तर : मुळीच नको. १०८०पी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ७२०पीला अडीच. नेट कमी पडलं असतं तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबले असते आणि मधोमध चक्र फिरत राहिलं असतं. आवाज सलग आणि चित्र तुटक, याचा अर्थ डेटा वेळेवर पोहोचतोय, तो उलगडताना मशीनची दमछाक होतेय.

खात्री करून घ्या. व्हिडिओ चालू असताना चित्रावर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात काळी चौकट उघडेल. तिच्यात आकड्यांची गर्दी असते, पण आपल्या कामाच्या तीनच गोष्टी. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच उतरून तयार आहेत. 'ड्रॉप्ड' म्हणजे किती चित्रं मशीनने दाखवायची सोडून दिली. बफर २०-३० सेकंद असूनही ड्रॉप्डचा आकडा चढत असेल तर दोष मशीनचा. बफर शून्याकडे घसरत असेल तर नेटचा.

तिसरी ओळ 'कोडेक्स'ची, आणि खरी गोम तिथेच आहे. तिथे एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी एक नाव इंग्रजीत दिसेल. व्हिडिओ आकुंचित करून पाठवायच्या या तीन पद्धती. पहिली म्हणजे एच.२६४, जुनी, ती उलगडायची सोय तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्स भागात मुळातच आहे. व्हीपी९ साठीची पूर्ण सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. यूट्यूब मात्र डेटा वाचवण्यासाठी बहुतेक वेळा नव्या पद्धतीच पाठवतं. मग ते सगळं काम मुख्य प्रोसेसरच्या अंगावर पडतं आणि मशीनवरचा भार दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे हाच प्रोसेसर, ९०-१०० टक्क्यांवर जातो.

उपाय फुकट आहे. फायरफॉक्स ब्राउझर घ्या. त्याच्या ॲड-ऑन्समध्ये 'एनहान्स्ड एच२६४इफाय' शोधून बसवा. त्याच्या पर्यायांत व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ अडवायच्या खुणा आहेत, त्या करा. ६० फ्रेम अडवायचीही खूण आहे, तीही करा; सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं आली की काम निम्म्यावर येतं. पान रिफ्रेश करून कोडेक्सची ओळ पुन्हा पाहा. एव्हीसी१ दिसलं की जमलं. ब्राउझरने ग्राफिक्सची मदत घेतली नाही तरी एच.२६४ उलगडणं प्रोसेसरला पुष्कळ हलकं जातं.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. यूट्यूबवर या पद्धतीत १०८०पीच्या वर जाता येत नाही, आणि तेवढ्याच दर्जासाठी डेटा जास्त लागतो. फायबरवर फरक पडत नाही, मोबाइल हॉटस्पॉटवर पडतो. शिवाय मॉनिटर त्याच काळातला असेल तर तो बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असेल. त्यावर १०८०पी लावून काय मिळणार? ७२०पी ठेवा.

राहिली रॅम. व्हिडिओ लावल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० वर दिसत असेल तरच आणखी एक ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घाला. आधीच्या पट्टीवरचा वेग वाचून तोच घ्या. डीडीआर४ या बोर्डात बसत नाही. हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवली तर मशीन झटपट सुरू होईल, पण अडखळणं त्याने जाणार नाही. दुकानात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत केली जाते.

प्रश्न : विंडोज ७ चा जुना संगणक आहे. कुठलीही साइट उघडली की 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतं. व्हिडिओ दूरच राहिला. (बार्शी)

उत्तर : आधी खाली उजवीकडची तारीख पाहा. साल दहा-पंधरा वर्षं मागे गेलं असेल तर मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी संपली आहे. साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या लेखी ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून तो दार उघडत नाही. बॅटरी सीआर२०३२, ३ व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट उघडा, बॅटरीच्या बाजूची पट्टी हलकेच दाबा, जुनी सेल उसळून वर येते. नवी बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरा.

तारीख बरोबर असूनही हाच निरोप येत असेल तर ब्राउझर जुना आहे. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यापेक्षा फायरफॉक्स ११५ ईएसआर ही दीर्घ मुदतीची आवृत्ती बरी. बँकेचे व्यवहार मात्र या मशीनवर करू नका. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अद्यतनं जानेवारी २०२० पासून बंद आहेत.

प्रश्न : शाळेतल्या जुन्या शैक्षणिक पानांवर व्हिडिओऐवजी 'फ्लॅश प्लेअर बसवा' असं येतं. कुठून घ्यायचा? (पंढरपूर)

उत्तर : कुठूनही नाही. ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालायचाही थांबवला. आज जे 'फ्लॅश डाउनलोड' दिसतं त्यात व्हायरस असण्याचीच शक्यता जास्त. 'रफल' नावाचं मोफत ब्राउझर एक्स्टेन्शन जुनी फ्लॅश ॲनिमेशन्स बऱ्याच अंशी चालवतं.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर आवाज येतो, चित्राच्या जागी नुसता हिरवा रंग. (होटगी रोड)

उत्तर : दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स भागाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, सिस्टम, तिथे 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. चित्र आलं तर निदान पक्कं झालं, पण इथेच थांबू नका, कारण आता सगळा भार प्रोसेसरवर आला आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' लिहिलं असेल तर ड्रायव्हरच बसलेला नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा घ्या. विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. आपोआप ड्रायव्हर बदलून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर बसवू नका.

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात संगणक आहे. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं. बंद करून ठेवला की पुन्हा ठीक. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : प्रोसेसर तापतोय आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतोय. 'कोअर टेम्प' हे मोफत सॉफ्टवेअर लावून पाहा. व्हिडिओ चालताना तापमान ८० अंशांच्या आत हवं, ९५-१०० ला वेग हमखास पडतो. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० च्या वर असतं, त्यात तुमच्याकडे हवेत सुताचे तंतू.

कॅबिनेट उघडल्यावर वरून पंखा स्वच्छ दिसेल. फसू नका. पंख्याच्या चार क्लिपा काढून तो उचला. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर तंतूंचा सलग थर बसलेला असतो, बोटांनी सोलून निघेल असा. पंखा कितीही फिरला तरी हवा त्या थराच्या खाली जातच नाही. तो हाताने काढा, मग ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग जातं. पॉवर सप्लायला फक्त बाहेरून हवा मारा, तो उघडू नका. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

मशीन पाच-सात वर्षांत उघडलेलं नसेल तर प्रोसेसरची उष्णता वर पोहोचवणारी थर्मल पेस्टही बदला. हीटसिंक, म्हणजे तो ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, काढा, सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवा. हीटसिंक बसवताना चारही पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान पहिल्यापेक्षा वाढेल. तुमच्या जागी तंतूंची सफाई दर दोन महिन्यांनी हवी. आणि संगणकावर सोलापुरी चादर पांघरायची ती बंद केल्यावर. चालू असताना मशीनला थंडी वाजत नाही.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आई-वडील संगणकावर लाइव्ह पाहतात. एरवीचे व्हिडिओ चालतात, लाइव्ह मात्र सारखं थांबतं. (विजापूर रोड)

उत्तर : हा दोष बहुधा नेटचा. साध्या व्हिडिओत अर्धा मिनिट पुढचं आधीच उतरवून ठेवता येतं. लाइव्हमध्ये पुढचं अजून घडलेलंच नसतं, त्यामुळे साठा काही सेकंदांचाच. नेटने जरा डुलकी घेतली की थांबलं. खालची लाल पट्टी ओढून एक मिनिट मागे जा. तेवढा साठा तयार होतो. दर्जा 'ऑटो'वर न ठेवता ४८०पी करा, त्याला एक-सव्वा एमबीपीएस पुरतात. वायफायचा जुना यूएसबी डोंगल असेल तर राउटरपासून कॅट-५ई ची वायर थेट संगणकाला जोडा. डोंगलवर छापलेले १५० एमबीपीएस दोन भिंती ओलांडून कधीच येत नाहीत. मोबाइल हॉटस्पॉटवर अवलंबून असाल तर मिरवणुकीच्या मार्गाजवळच्या टॉवरवर त्या दिवशी गर्दी असणारच. तेव्हा ३६०पी लावा.