वाचकांचे प्रश्न : विजयदुर्गाचे ओटे, हेलियम आणि ग्रहणांची घराणी

प्रश्न : आम्ही मे महिन्यात विजयदुर्गला गेलो होतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, तिथे आम्हाला सांगितलं की १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच सूर्यग्रहण बघून हेलियमचा शोध लावला. आमचा मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणतो की त्याने वाचलंय ते गुंटूरला आणि जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने. घरी यावरून वाद चालू आहे. खरं काय ते सांगा. (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : तुमचा मुलगा बराचसा बरोबर आहे, पण विजयदुर्गही या गोष्टीत आहे, फक्त तीस वर्षं उशिरा. मी स्वतः त्या ओट्यांवर उभा राहून तीच १८६८ ची गोष्ट ऐकलीये आणि तेव्हा ती मला शंभर टक्के पटलीही होती, कारण समोर समुद्र, पायाखाली ओटा, आणि सांगणारा इतक्या मनापासून सांगत होता. नंतर तारखा जुळवायला बसलो तेव्हा कळलं की दोन वेगवेगळी ग्रहणं एकात मिसळली गेलीत.

पहिलं ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चं. श्रावण अमावास्या, म्हणजे पोळ्याचा दिवस. सावलीचा पट्टा एडनकडून आला, आपला पश्चिम किनारा ओलांडून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा गेला आणि पुढे सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत पोचला. खग्रास स्थिती पाच मिनिटांपेक्षा जास्त, जी फार क्वचित मिळते, त्यामुळे युरोपातून लोक खास बोटीने आले होते. गुंटूरला पिएर जान्सेन होता, तिथेच इंग्रजांचा टेनंटही होता, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन, आणि आपल्या अगदी शेजारी, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल. ऑगस्टमधे आकाश कसं असतं हे कोल्हापूरकरांना मी वेगळं सांगायला नको, हर्शेललाही ढगांनी छळलंच, पण मधे जरा फट मिळाली तेवढ्यात त्याने काम साधलं.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी इंग्लंडमधे होता. तिथल्या युद्धखात्यात कारकून होता तो, खगोलशास्त्र हा घरी बसून जपलेला नाद. ग्रहणाशिवायही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा स्पेक्ट्रोस्कोपने, म्हणजे प्रकाशातले रंग रेषारेषांनी वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राने, दिसल्या पाहिजेत हे त्याच्या डोक्यात कधीपासून होतं, पण ऑर्डर दिलेलं यंत्र वेळेत आलंच नाही. ते ऑक्टोबरच्या मध्यावर हातात पडलं आणि २० ऑक्टोबरला त्याला ज्वाळा दिसल्या. इकडे जान्सेनला ग्रहणात ज्वाळांच्या रेषा इतक्या झगझगीत दिसल्या की दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने लख्ख उन्हात पुन्हा यंत्र लावलं आणि त्यालाही ज्वाळा दिसल्या! गंमत बघा, जान्सेनचं पत्र भारतातून पॅरिसला पोचेपर्यंत ग्रहणाला दोन महिने उलटले होते, लॉकियरचं लंडनहून लगेच पोचलं, आणि २६ ऑक्टोबरला फ्रेंच अ‍ॅकॅडमीत दोन्ही पत्रं एकाच दिवशी वाचली गेली. भांडण न होता दोघांनाही मान मिळाला, पुढे १८७२ मधे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

आता हेलियम. या दोन पत्रांत नवीन मूलद्रव्य सापडल्याचा दावा नव्हताच. भानगड होती एका पिवळ्या रेषेची. स्वयंपाकघरात वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते बघा, तो मिठातला सोडियम. स्पेक्ट्रोस्कोपमधून बघितलं तर त्या पिवळ्यात अगदी जवळजवळ दोन रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सूर्याच्या ज्वाळांमधेही पिवळी रेषा दिसली तेव्हा बहुतेकांना वाटलं सोडियमच असणार. पण ती नेमक्या त्या जागी बसेना, पॉगसनलाही मछलीपट्टणला तीच शंका आली होती. नीट मोजल्यावर ती ५८७.५ च्या आसपास निघाली. फरक दीड नॅनोमीटरचा, पण पृथ्वीवरचा कुठलाच पदार्थ तिथे रेषा देत नव्हता. मग लॉकियरने रसायनतज्ज्ञ फ्रँकलंडबरोबर प्रयोगशाळेत खूप डोकेफोड केली आणि शेवटी म्हटलं की हे सूर्यावरचं वेगळंच काहीतरी आहे, ग्रीक ‘हेलिओस’वरून हेलियम. लोकांनी पुष्कळ वर्षं विश्वास ठेवला नाही. १८९५ मधे रॅमसेने युरेनियमचं एक खनिज ॲसिडमधे टाकून त्यातून निघालेला वायू तपासला आणि तीच पिवळी रेषा समोर आली, तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. म्हणजे शोध कुठे लागला असं एकाच ठिकाणावर बोट ठेवून सांगताच येत नाही. गुंटूर, मछलीपट्टण, लॉकियरचं इंग्लंडमधलं घर आणि रॅमसेची लंडनची लॅब, सगळ्यांचा वाटा आहे.

मग ओटे कुणाचे? ते दुसऱ्या ग्रहणाचे, २२ जानेवारी १८९८ च्या. तेव्हा मात्र लॉकियर खरोखर विजयदुर्गला आला होता. तोपर्यंत तो मोठा माणूस झाला होता, हेलियम सिद्ध होऊन तीन वर्षं झाली होती. ब्रिटिश नौदलाची ‘मेल्पोमीन’ नावाची बोट मदतीला होती, तिच्या खलाशांना शिकवून त्याने कॅमेऱ्यांवर उभं केलं. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं, आणि त्याला हवा होता तो ‘फ्लॅश’, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो त्या क्षणी सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या काळ्या रेषा एक-दोन सेकंदांपुरत्या उलटून चमकतात ते दृश्य. तेवढ्यात प्लेट बदलायची, वेळ मोठ्याने मोजायची, हात हलू द्यायचा नाही. यंत्र हलू नये म्हणून खाली घट्ट पाया लागतो आणि ओटा लागतो तो त्यासाठी. १८६८ चा पट्टाही त्याच किनाऱ्यावरून गेलेला आणि माणूस तोच, त्यामुळे लोकांच्या तोंडी दोन्ही एक झाले, यात कुणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. पण तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस होतो तेव्हा २२ जानेवारीचाही एक कार्यक्रम व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण ती तारीख विजयदुर्गची स्वतःची आहे.

आणि एकटं विजयदुर्ग नाही! त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला होते, आपल्या सायन्स कॉलेजच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तळ ठोकून होता. नागपूरच्या लाइनवर तळणीला माउंडर पतिपत्नी होते, त्यातल्या अ‍ॅनी माउंडरबाईंनी प्रभामंडळातल्या, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाच्या वलयातल्या, एका इतक्या लांब झोताचा फोटो घेतला की तसा तोपर्यंत कुणालाच मिळाला नव्हता. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता आणि तशातही हे सगळं झालं. जेऊरच्या किती शाळांमधे हे शिकवलं जातं?

प्रश्न : ग्रहण कधी लागणार हे पंचांगात आधीच लिहिलेलं असतं. दुर्बीण नव्हती तेव्हा लोकांना हे कसं कळायचं? की राहू-केतू गिळतात असंच सगळे मानायचे? (नाशिक)

उत्तर : सगळे नाही मानायचे. आर्यभटाने इ.स. ४९९ मधे, वय वर्षं तेवीस, स्वच्छ लिहून ठेवलंय की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली झाकते. राहू-केतूचंही असंच, पुराणातली गोष्ट वेगळी आणि गणितातले राहू-केतू वेगळे. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही, चंद्र थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना कापतात ते दोन बिंदू म्हणजे पात, त्यांनाच राहू आणि केतू म्हणतात. अमावास्या तिथे जवळपास झाली तरच सूर्यग्रहण.

बॅबिलोनच्या लोकांनी तर कारण माहीत नसतानाही नुसत्या नोंदींवरून हे पकडलं. मातीच्या विटांवर पिढ्यान् पिढ्या ग्रहणं टिपत गेले आणि लक्षात आलं की २२३ चांद्रमहिन्यांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि वर साधारण ८ तासांनी, तसंच ग्रहण परत येतं. याला सॅरोस म्हणतात. चंद्रग्रहणाला हे छान चालतं. सूर्यग्रहणाला वरचे ८ तास घोळ घालतात, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते आणि सावली जगाच्या दुसऱ्याच भागात पडते, त्यामुळे ‘होऊ शकतं’ इतकंच त्यांना सांगता यायचं.

पण मला सॅरोसची खरी मजा वाटते ती घराण्यांची. विजयदुर्गच्या १८९८ च्या ग्रहणाला १८-१८ वर्षं जोडत या : १९१६, १९३४, १९५२, १९७०, १९८८, २००६, आणि सातवी उडी ८ एप्रिल २०२४! तुमच्यापैकी ज्यांची मुलं डॅलसला आहेत आणि ज्यांनी त्या दिवशी अंगणात उभं राहून व्हिडिओ कॉल केला, त्यांनी विजयदुर्गच्या ग्रहणाचा वंशज बघितला. १८६८ चंही घराणं आहे, त्यातलं २१ सप्टेंबर १९२२ चं ग्रहण ऑस्ट्रेलियात वल्लालला दिसलं आणि तिथे ताऱ्यांचे फोटो काढून आइन्स्टाइनचं म्हणणं, सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो हे, पुन्हा पक्कं झालं. ते फोटो काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख कोण? जेऊरला आलेला तोच कॅम्पबेल.

आपल्याकडचं गणित सॅरोसवर नव्हतं, आपल्याकडे सूर्य, चंद्र, पात सगळ्यांची गती धरून दिवस मोजायची पद्धत होती. त्यातलं एक नाव मराठी माणसाला माहीत असायलाच हवं, कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी १५२० मधे ‘ग्रहलाघव’ लिहिलं. आधीच्या पद्धतीत दिवसांचे लाखोंनी आकडे आणि ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) कोष्टकं लागायची, यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरून आकडे आटोक्यात आणले आणि ज्या काढून टाकून साध्या गुणाकार-भागाकारावर काम आणलं, तेही अचूकपणा फारसा न गमावता. गावोगावचे जोशी शेकडो वर्षं याच्यावर पंचांग करत होते. हळूहळू आकाश आणि आकडे यांत फरक पडत गेला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मधे युरोपातल्या नव्या आकड्यांवरून मराठीत कोष्टकं काढली आणि त्यावरून पटवर्धनी पंचांग निघालं. लोकांनी त्याला विरोधही पुष्कळ केला, पण ग्रहण वेळेवर लागतं की नाही हे कुणालाही अंगणातून बघता येतं, तिथे वाद किती दिवस चालणार.

जाता जाता, १८६८ च्याच ग्रहणाचं गणित सयामचे राजे मोंगकुट यांनी स्वतः केलं होतं. पाहुण्यांना घेऊन ते वा को नावाच्या गावी गेले, गणित बरोबर आलं, पण त्या दलदलीत मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला ते गेले. वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : आता एवढे सॅटेलाइट असताना ग्रहणाचा काही उपयोग उरलाय का? (पुणे)

उत्तर : उरलाय, पण ग्रहणाची वाट बघत बसावं लागत नाही. आपलं आदित्य एल-१ २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या कक्षेत पोचलं, आणि त्यातल्या मुख्य यंत्रात सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडळ बघायची सोय आहे, म्हणजे कृत्रिम ग्रहणच. हे यंत्र बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केलं. पुणेकरांनी एक लक्षात ठेवा, १९१२ मधे नेगमवाला निवृत्त झाले तेव्हा तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाली आणि तिची यंत्रं, त्यातली वीस इंची मोठी दुर्बीणसुद्धा, कोडाईकनालला गेली. आज कोडाईकनालची वेधशाळा त्याच बंगळुरूच्या संस्थेची आहे.

प्रश्न : पुढचं सूर्यग्रहण आपल्याकडून कधी दिसेल? मुलांना दाखवायचंय. (रत्नागिरी)

उत्तर : २ ऑगस्ट २०२७, सोमवार. खग्रास इजिप्तकडे, लक्सरजवळ सहा मिनिटांच्या वर, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. भारतातून खग्रास बघायचं तर २० मार्च २०३४, तेही वर काश्मीर-लडाखकडे. २०२७ ला रत्नागिरीत पाऊस असण्याची शक्यताच जास्त, तरी तयारी ठेवा. आयएसओ १२३१२-२ असं छापलेला ग्रहणचष्माच घ्या, एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल यातलं काहीही नको. चष्मा नसला तर मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं करा आणि स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा, जमिनीवर प्रत्येक भोकाचा एकेक कोरलेला सूर्य पडतो. डिसेंबर २०१९ ला आमच्या सोसायटीत पेरूच्या झाडाखाली सगळ्या फरशीवर अशा चंद्रकोरी पसरल्या होत्या आणि चार वर्षांची एक मुलगी त्या वेचायला वाकली होती.