चेंबरचं रिकामं तोंड बुजवायच्या आधी जरा थांबा

मे संपत आला की हे प्रश्न सुरू होतात. ड्रेनेजच्या चेंबरला (घरातले सांडपाण्याचे पाईप जिथं एकत्र येतात तो हौद) तोंडं चार, चालू दोन, उरलेल्यांतून वास, झुरळं अन् घुशी. एकेकाला फोनवर सांगून थकलो, म्हणून सगळं इथंच.

जालना : रिकाम्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली तर चालेल का?

नाही. घूस एका रात्रीत फाडते.

लातूर : प्लास्टिकचं रेडिमेड चेंबर आहे, ११० एमएमचं एक तोंड रिकामंय. काय लावू?

शक्यतो त्याच कंपनीचा त्याच साईझचा प्लग, दुकानात जाताना चेंबरचा फोटो घेऊन जा. तोंडात रबर रिंग असेल तर सोल्युशन (पाईप चिकटवायचा डिंक) लावायचं नाही, रिंग पुसून घ्या (वाळूचा एक कण राहिला तरी गळतं) आणि लुब्रिकंट लावून दाबून बसवा. माती लगेच लोटू नका, आधी प्लंबरला दाखवा.

परभणी : जुनं घर घेतलं, विटांचं चेंबर आहे. एक पाईप कायम कोरडा असतो. मिस्त्री म्हणतो पोतं कोंबून वरून सिमेंट मारू, अर्ध्या तासाचं काम. करू का?

अजिबात नको! कोरडा म्हणजे बंद हे कुणी सांगितलं? मे महिन्यात गच्चीचा पाईपपण कोरडाच असतो की. एका घरी असंच उन्हाळ्यात तोंड बुजवलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीचं सगळं पाणी परसातल्या मोरीतून उलटं वर आलं, तिथून स्वयंपाकघरात, ज्वारीचं पोतं भिजलं ते वेगळंच. (गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडणंच मुळात चूक, आपल्या भागात तर ते बोअरला मुरवायला पाहिजे, पण तो विषय वेगळा.) कोरडा पाईप कधी हवेचा असतो, तो बंद केला की संडास फ्लश केल्यावर बाकीच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण) पाणी ओढलं जातं आणि वास घरात. जुन्या वाड्यात तर शेजाऱ्याचीही लाईन तुमच्या चेंबरात निघते.

म्हणून एक माणूस उघड्या चेंबरपाशी उभा करा आणि दुसऱ्यानं मोरी, बेसिन, संडास, गच्ची सगळीकडं एकेक बादली निळीचं पाणी ओतायचं, शेजाऱ्यांनाही ओतायला सांगा. त्या कोरड्या पाईपातून कुठलंच पाणी आलं नाही तरी एकदा जाणत्या प्लंबरला विचारा, मगच बंद करा. पीव्हीसी असेल तर टोक सरळ कापून एंड कॅप चिकटवा. चिनी मातीचा असेल तर सोल्युशन धरत नाही, तिथं विटेचा तुकडा आणि एकास तीनचा सिमेंट-वाळूचा मसाला, आतून भिंतीच्या लेव्हलला घोटून, म्हणजे खाचेत घाण साचत नाही. पोतं सडतं हो, मग तो सिमेंटचा गोळा सुटून चेंबरात पडतो आणि चालू लाईन चोक! पाईपचं पलीकडचं टोकही बंद करा, नाहीतर घुशींना आयतं घर.

बीड : घरात वास येतो, दुकानदार भोक बुजवायला फोमचा डबा आणि वासाचं केमिकल घ्या म्हणतो.

त्याला डबा खपवायचाय. फोम घूस कुरतडते, केमिकलनं वास दबतो, भोक तसंच राहतं. तुमच्या वरच्या मजल्यावरचं बाथरूम बंद असतं का? नळाला आठवड्यानं पाणी, त्यात तिकडं कोण ओतणार, ट्रॅप आटतो आणि वास तिथून येतो. तांब्याभर पाणी ओता. दोन दिवसांनी परत आला तर प्लंबर बोलवा.

धाराशिव : चेंबर पुरुषभर खोल आहे, स्वतः उतरून कॅप लावू का?

नाही, आणि कुणाला उतरवूही नका. तिथला गॅस वाढला की नाक मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा चांगलीय. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदीय. नगरपालिकेत विचारा.

हिंगोली : सध्या फरशीचा तुकडा टेकवलाय, दिवाळीनंतर केलं तर?

पाऊस काय दिवाळीनंतर येणारय का? याच आठवड्यात प्लंबरला बोलवा.