खिशातला फोन, अडखळणारा माउस आणि दारावरचा सेन्सर

प्रश्न : ब्लूटूथ इअरबड घरात छान चालतात, पण मोकळ्या मैदानात फिरताना आवाज तुटतो. फोन तर खिशातच असतो. इअरबड बिघडलेत का?

उत्तर : बहुधा नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि आपलं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच आहे. घरात लहरी भिंतींवर, छतावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मैदानात आपटायला काही नसतं; मग डाव्या मागच्या खिशातून उजव्या कानाकडे निघालेला सिग्नल अंगातच जिरतो. फोन शर्टाच्या खिशात ठेवून पाहा, नाहीतर खिशाची बाजू बदला. इअरबड परत करण्याआधी हे कराच, कारण नव्या जोडीतही तोच त्रास होऊ शकतो.

प्रश्न : लॅपटॉपला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो. असं का?

उत्तर : यात बिचाऱ्या माउसचा दोष नसतो, तरी लोक माउसच बदलतात. हार्ड डिस्कच्या यूएसबी ३.० जोडणीतून डेटा धावताना जो रेडिओ गोंगाट निघतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो, आणि वायरलेस माउसही तिथेच बोलतो. डोंगल, म्हणजे माउसचा लॅपटॉपला खोचायचा छोटा रिसीव्हर, शेजारच्याच पोर्टात असला तर माउसचा क्षीण आवाज त्यात बुडतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल माउसजवळ आणा.

प्रश्न : दाराच्या सेन्सरसाठी वाय-फाय घ्यावं की झिगबी?

उत्तर : झिगबी, म्हणजे थोड्या विजेवर छोटे निरोप पाठवणारं वायरलेस तंत्र. ‘दार उघडलं’ एवढंच कळवायला मोजके बाइट लागतात. झिगबीचा २५० किलोबिट प्रतिसेकंद वेग त्याला पुरून उरतो. एरवी सेन्सर झोपलेला असतो, म्हणून बटणाएवढा सेलही महिनोन्‌महिने टिकतो. वाय-फायला वीज जास्त लागते. ते कॅमेऱ्यासाठी ठेवा. झिगबीला हब, म्हणजे सेन्सरना घरच्या नेटवर्कशी जोडणारी पेटी, लागतो, हे मात्र आधीच लक्षात घ्या. आणखी एक, विजेवरचे झिगबी दिवे सेन्सरचे निरोप पुढे पोचवतात. असा दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद केला, तर लांबचा सेन्सर गप्प होऊ शकतो. दिवा अ‍ॅपमधूनच मालवा.

प्रश्न : टॅप करायचं एनएफसी कार्ड लांबून कुणी वाचेल का?

उत्तर : कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून ते वीज घेतं, आणि ते क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने ओसरतं. नेहमीच्या रीडरपासून काही सेंटिमीटर दूर गेलं, की कार्ड जागंच होत नाही.