नर्व्ह जोडणार का, हे ऑपरेशनच्या आधीच विचार

तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. पुढच्या महिन्यात मास्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढायचं ऑपरेशन, त्याच वेळी पोटाची त्वचा-चरबी घेऊन नवा स्तन, आणि ‘तिथे स्पर्श कळेल का’ हे डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, असं लिहिलंयस. लाजू नकोस. सहा वर्षांपूर्वी मीही गप्प बसले. जीव वाचतोय, आणखी काय मागायचं, असं वाटलं होतं.

स्पर्श कळतो तो बरगड्यांमधून येणाऱ्या नर्व्हमुळे. निपलकडे मुख्यतः चौथ्या बरगडीखालच्या नर्व्हची फांदी जाते. स्तन काढताना यातल्या बऱ्याच कापल्या जातात. पोटाचा फ्लॅप, म्हणजे तिथून घेतलेला त्वचा-चरबीचा तुकडा, जगावा म्हणून रक्तवाहिन्या जोडाव्याच लागतात, पण नर्व्ह मुद्दाम जोडली तरच जोडली जाते. फ्लॅपमधली नर्व्ह छातीतल्या, बहुधा तिसऱ्या बरगडीजवळच्या नर्व्हला जोडता येते. सरळ विचार: तुम्ही हे करता का? माझ्या बाबतीत जमेल का? हमी कुणी देणार नाही, आणि कॅन्सर पूर्ण निघणं सगळ्यात आधी. तरी विचारायची वेळ आत्ताच आहे.

नर्व्ह वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणून महिने, कधी वर्षं लागतात. माझी जोडली नव्हती, तरी कडेकडेने थोडं परतलं. दीड वर्षाने एका सकाळी मंगळसूत्राची वाटी वरच्या बाजूला गार लागली. रुपयाएवढीच जागा, पण मी वाटी तिथेच दाबून कितीतरी वेळ बसून राहिले. मधला भाग अजून बधिर आहे.

त्या बधिरपणाला जप. पहिल्या थंडीत खांदा आखडला म्हणून गरम पाण्याची पिशवी जवळ घेऊन झोपले. सकाळी गाऊन फोडाला चिकटलेला. दुखलं काहीच नव्हतं! भरायला दीड महिना गेला. तेव्हा छातीजवळ पिशवी नको, हीटिंग पॅड नको, आंघोळीचं पाणी आधी हातावर बघ.

सुई टोचल्यासारखं, करंट बसल्यासारखं होईल, ते बरेचदा नर्व्ह जागी होण्याचं लक्षण असतं. पण एकाच जागी कळ येत राहिली, कपड्याचा स्पर्शही सोसवेना, तर डॉक्टरांना दाखव; कापलेल्या टोकाशी गाठ झाली असू शकते आणि त्यावर उपाय आहेत. जखम भरल्यावर आरशात बघत कापूस, टॉवेल, बोट असं फिरवायचा सराव असतो, तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे.

भेटीला बहिणीला सोबत ने. प्रश्न कागदावर लिही आणि नर्व्हचा सगळ्यात वर ठेव, कारण खालचे प्रश्न घाईत राहून जातात.