डेटाबेस सर्व्हरची मेमरी ९५ टक्के भरलेली दिसते. ही गळती (प्रोग्रॅमने घेतलेली मेमरी परत न सोडणे) आहे का, आणि रॅम वाढवावी का?

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी आहे: ६४ जीबी मेमरीचा लिनक्स सर्व्हर, त्यावर केवळ पोस्टग्रेस हा डेटाबेस, शेअर्ड बफर्स (त्याच्या सर्व प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी) १६ जीबी, सुमारे ४०० कनेक्शन दिवसभर उघडी, आणि टॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये बऱ्याच प्रोसेससमोर १० ते १२ जीबीचा आकडा. या माहितीवरून गळती सिद्ध होत नाही. त्यामुळे रॅम विकत घेण्याचा किंवा सेटिंग बदलण्याचा निर्णय आत्ताच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भरलेली मेमरी कोणकोणत्या प्रकारची आहे हे आधी वेगळे करून पाहावे लागेल.

९५ टक्के हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. लिनक्स वाचलेल्या फाइलींची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) मोकळ्या मेमरीत साठवून ठेवतो, आणि पोस्टग्रेसची रचनाच या साठ्याचा लाभ घेईल अशी आहे; देखरेखीची अनेक साधने मात्र तो साठाही वापरात धरतात. फ्री ही कमांड चालवून त्यातील ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहा. शेजारचा ‘बफ/कॅशे’ हा रकाना संपूर्ण मोकळा समजू नका, कारण शेअर्ड बफर्सही त्यातच मोजले जातात आणि ते गरजेच्या वेळी सोडवून घेता येत नाहीत. गर्दीच्या वेळीही ‘अव्हेलेबल’ काही जीबी राहत असेल आणि व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये स्वॅपची (मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर हलवलेल्या पानांची) ये-जा दिसत नसेल, तर मेमरीची तक्रार मुळात नाहीच.

टॉपमधील ‘रेस’ हा आकडाही (तुमचे १० ते १२ जीबी) दिशाभूल करतो. एखाद्या प्रोसेसने शेअर्ड बफर्समधील जेवढ्या पानांना हात लावला असेल, तेवढी सर्व तिच्या नावावर लागतात, आणि तीच पाने दुसऱ्या प्रोसेसच्या नावावर पुन्हा मोजली जातात. अशा ४०० प्रोसेसची बेरीज ६४ जीबीच्या कितीतरी पट येते, यावरूनच ती अर्थहीन असल्याचे कळते. त्या प्रोसेसची खाजगी मेमरी पाहायची असेल, तर प्रॉक या फोल्डरखालील तिच्या स्टेटस फाइलमधील ‘आरएसएसअॅनॉन’ ही ओळ वाचावी.

आता मला ज्याचा सर्वाधिक संशय आहे त्याकडे येतो, आणि ते कोणत्याच प्रोसेसच्या खात्यावर दिसत नाही. प्रत्येक कनेक्शन ही स्वतंत्र प्रोसेस असते, आणि शेअर्ड बफर्स सामायिक असले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे पेज टेबल (कोणते पान मेमरीत कुठे आहे याची नोंदवही) प्रत्येक प्रोसेसचे वेगळे असते. पान ४ केबीचे असेल तर १६ जीबीसाठी सुमारे ४२ लाख नोंदी लागतात आणि प्रत्येक नोंद ८ बाइटची असते, म्हणजे सगळ्या पानांना हात लावलेल्या एका प्रोसेसमागे ३२ एमबी. ४०० कनेक्शनसाठी हा खर्च साडेबारा जीबीपर्यंत जाऊ शकतो! तुमच्याकडे कनेक्शन दिवसभर उघडी राहतात, त्यामुळे ती हळूहळू या मर्यादेकडे सरकतात आणि पाहणाऱ्याला ही वाढ गळतीच वाटते. प्रॉकमधील मेमइन्फो फाइलमधील ‘पेजटेबल्स’ ही ओळ पाहा. ती कित्येक जीबी असेल तर कारण सापडलेच. त्यावरचा उपाय म्हणजे २ एमबीची ह्यूज पेजेस, म्हणजे मोठी पाने, ज्यांना नोंदी खूप कमी लागतात. पोस्टग्रेसमध्ये हे सेटिंग मुळात ‘ट्राय’ असते, आणि कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) अशी पाने राखून ठेवलेली नसतील तर सर्व्हर कोणतीही तक्रार न करता साध्या पानांवर सुरू होतो. म्हणून पाने राखून झाल्यावर ते ‘ऑन’ करावे, म्हणजे ती न मिळाल्यास निदान सुरू होतानाच कळेल.

खाजगी मेमरी मोठी निघाली, तर वर्क मेम या पोस्टग्रेसच्या सेटिंगकडे पाहा. ही मर्यादा कनेक्शनमागे किंवा क्वेरीमागे नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्टमागे (क्रम लावणे) व हॅशमागे (जुळवणीसाठी बनणारा तक्ता) असते, हॅशसाठी आवृत्ती १५ पासून ती आपोआप दुप्पट धरली जाते, आणि समांतर वर्कर (एकाच क्वेरीचे काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र लागू होते. वर्क मेम ६४ एमबी ठेवल्यास दोन हॅश जॉइनची एक क्वेरी, दोन वर्कर आणि मुख्य प्रोसेस मिळून, ७६८ एमबीपर्यंत जाऊ शकते. सर्वांसाठी हे मूल्य लहान ठेवून जड अहवाल चालवणाऱ्या रोललाच (डेटाबेसच्या वापरकर्त्यालाच) ते वाढवून देणे मला योग्य वाटते. इफेक्टिव्ह कॅशे साइज कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बाजूला ठेवा. ते सेटिंग केवळ क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरला अंदाज देते, मेमरी राखून ठेवत नाही.

हजारो टेबले किंवा पार्टिशन असतील, तर जुन्या कनेक्शनमधील कॅटलॉगचा (टेबलांविषयीच्या माहितीचा) साठाही वाढत जातो आणि कनेक्शन बंद होईपर्यंत सहसा कमी होत नाही. आवृत्ती १४ पासून ‘पीजी लॉग बॅकएंड मेमरी कॉन्टेक्स्ट्स’ हे फंक्शन चालू प्रोसेसचा तपशील लॉगमध्ये लिहून देते. त्यात ‘कॅशेमेमरीकॉन्टेक्स्ट’ फुगलेला दिसला, तर कारण हेच.

वरच्या तिन्ही कारणांवर एकत्र परिणाम करणारा उपाय म्हणजे कनेक्शनची संख्या कमी करणे. पीजीबाउन्सर हे कनेक्शन वाटून देणारे साधन ट्रान्झॅक्शन पद्धतीने (एक ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला देऊन) मध्ये ठेवल्यास बहुधा काही डझन कनेक्शन पुरतील, मात्र तुमचा प्रोग्रॅम सेशनभर टिकणाऱ्या सेटिंगवर किंवा तात्पुरत्या टेबलांवर अवलंबून नाही, याची आधी खात्री करा.

सर्व्हर मध्येच सगळी कनेक्शन तोडत असेल, तर थांबू नका. डीमेसेज या कर्नलच्या नोंदींमध्ये ओओएम किलरची (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेची) नोंद शोधा. कर्नलने एक प्रोसेस मारली तरी शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शक्यतेने पोस्टग्रेस उरलेल्या सर्व प्रोसेस बंद करून रिकव्हरी करते. समर्पित सर्व्हरवर कर्नलचे ओव्हरकमिट मेमरी हे सेटिंग २ ठेवल्यास (म्हणजे मर्यादेपलीकडे मेमरी देऊ न केल्यास) हा धोका बराच कमी होतो.

मेमइन्फोमधील ‘मेमअव्हेलेबल’, ‘एसएचमेम’, ‘अॅनॉनपेजेस’ आणि ‘पेजटेबल्स’ या चार ओळी गर्दीच्या वेळी घेऊन प्रश्नात जोडा. सोबत पोस्टग्रेसची आवृत्ती आणि वर्क मेमचे मूल्यही लिहा. तेवढ्यावरून यांपैकी कोणते कारण लागू आहे ते सांगता येईल.